पट काढणाऱ्या पोरांना रक कसा शिकवायचा

(एका तालुक्याच्या गावातल्या क्रीडाशिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "शाळेत तीन वर्षांपासून रग्बीचा संघ आहे. मुलं कबड्डी आणि कुस्तीतून आलेली, अंगाने दणकट. टॅकल (बॉलवाल्याला धरून खाली पाडणं) चांगला करतात. पण रक (टॅकलनंतर जमिनीवरच्या बॉलवर दोन्ही संघांचे उभे खेळाडू भिडतात तो) झाला की एकतर बॉल जातो, नाहीतर आमच्याविरुद्ध पेनल्टी. क्लीन आउटची (रकमधल्या समोरच्या माणसाला बॉलवरून हलवण्याची) ताकद वाढवायला कोणते व्यायाम द्यावेत?")

सर, व्यायामाचं शेवटी बघू. तुमची पोरं रोज जोर-बैठका मारत असणार, त्यांच्या मांड्या माझ्या शहरातल्या कॉलेजच्या पोरांपेक्षा भरलेल्या असणार. रक जायचं कारण तिथे नाही. मी बारा वर्षं फ्लँकर, म्हणजे रकवर आधी पोहोचून बॉलसाठी भिडणारा खेळाडू, म्हणून खेळलो आणि त्यानंतर पंधरा वर्षं शिकवतोय. ताकद कमी पडली म्हणून गेलेले रक मला बोटांवर मोजता येतील. बाकीचे गेले ते आपला माणूस उशिरा पोहोचला म्हणून, उभाच्या उभा जाऊन आदळला म्हणून, नाहीतर बॉल घेऊन पडणाऱ्याने बॉल समोरच्याच्या हातात दिल्यासारखा ठेवला म्हणून.

या तिन्ही गोष्टी दोन-तीन सेकंदांत घडतात. आंतरराष्ट्रीय सामन्यात दोन्ही संघांचे मिळून दीडशेहून जास्त रक होतात आणि चांगले संघ त्यातले बहुतेक तीन सेकंदांच्या आत उरकून बॉल पुढे काढतात. तिथे ढकलाढकली फारशी दिसत नाही. एक माणूस खाली वाकून आत येतो, समोरच्याला पाऊलभर मागे नेतो, बॉल निघतो. संपलं. टीव्हीवर जो मोठा ढीग आणि रेटारेटी दिसते, तो बहुधा बिघडलेला रक असतो.

सुरुवात पडणाऱ्यापासून करा. बहुतेक प्रशिक्षक मदतीला येणाऱ्यापासून करतात, मीही पहिली चार-पाच वर्षं तेच केलं. पण पडणारा नीट पडला नाही तर मागून येणाऱ्याने कितीही जीव काढला तरी उपयोग होत नाही. पोरगं टॅकलमध्ये सापडलं की अंग मुटकुळं करून बॉल पोटाशी घेतं, कारण बॉल जपायचा हे त्याला पहिल्या दिवसापासून सांगितलेलं असतं. जमिनीवर मात्र नियम उलटा आहे: टॅकल झाला की बॉल लगेच सोडायचा किंवा ठेवायचा. पोटाशी धरून पडून राहिलात की पेनल्टी, आणि पोटाशीच सोडलात तर समोरच्याला फक्त वाकायचं काम उरतं.

इथे तुमच्या कबड्डीवाल्यांकडे एक तयार गोष्ट आहे. चढाईपटू पकडीत सापडला की काय करतो? चौघे अंगावर असताना मध्यरेषेकडे झेपावतो आणि हात, बोटं, नखंसुद्धा लांबवतो. अगदी तेच हवंय. मी पोरांना एवढंच सांगतो, "पडताना मध्यरेषा गाठ, आणि हाताच्या टोकाला बॉल ठेव." मध्यरेषा म्हणजे आपली बाजू. अंग मैदानाच्या लांबीत सरळ, पाठ समोरच्यांकडे, दोन्ही हातांनी बॉल आपल्या गोलरेषेच्या दिशेला जितका लांब जाईल तितका. एका वाक्यात पोरांना कळतं. इंग्रजी पुस्तकातली आकृती दाखवून कळायला महिना लागला होता.

लांब ठेवण्याचा हिशोब साधा आहे. बॉल पोटाशी असेल तर समोरचा आपल्या जागेवरूनच वाकून उचलतो. हातभर लांब असेल तर त्याला आपल्या अंगावरून पुढे यावं लागतं, तोल पुढे जातो, आणि तोल गेलेल्या माणसाला हलवायला ताकद लागत नाही. गुडघा, कंबर, खांदा या क्रमाने पडायला शिकवा. सपाट पाठीवर पडलं की बॉल उडतो. गुडघ्यांवर ओणवं होऊन बॉल दोन पायांमधून मागे सारायची एक पद्धत काही जण शिकवतात. मी शाळेच्या पोरांना ती शिकवत नाही. त्यात डोकं आणि मान समोरून येणाऱ्या माणसांच्या वाटेत राहते.

आता कबड्डीचा तोटा. पकड केली की शिट्टी होईपर्यंत सोडायची नाही, हे तुमच्या पोरांच्या हाडात आहे. रग्बीत टॅकल पूर्ण झाला की टॅकल करणाऱ्याने ताबडतोब सोडायचं आणि बाजूला व्हायचं. सोडल्याशिवाय बॉलला हात लावला की पेनल्टी. तुमच्याविरुद्धच्या निम्म्या पेनल्ट्या इथल्याच निघतील, पैज लावतो. सांगून ही सवय जात नाही, कारण ती विचारातली नाही, हातातली आहे. मी एक उपाय करतो: टॅकल, जमिनीवर आले की सोड, आणि डोक्यावर एक टाळी. टाळी वाजवायची म्हणजे हात सुटलेच पाहिजेत. टाळी झाली की उठून आपल्या बाजूने परत यायचं आणि मग बॉलला हात. दोन आठवडे सरावात मैदानभर टाळ्या ऐकू येतात, पलीकडे क्रिकेट खेळणारे हसतात. सामन्यात टाळी आपोआप गळते, सोडणं राहतं. शिवाय रेफरीलाही हात सुटलेले स्वच्छ दिसतात, आणि रेफरीला दिसणं हे शाळेच्या सामन्यात अर्धं काम असतं.

मग मदतीला येणारा. पेनल्टीचं दुसरं मोठं कारण म्हणजे बाजूने घुसणं. रकमध्ये आपल्या सगळ्यात मागच्या माणसाच्या मागून, समोर तोंड करून आत यायचं असतं. आपण त्याला गेट म्हणतो. पोरं बाजूने घुसली की आपण ओरडतो, "गेट! गेट!" ओरडून काही होत नाही, कारण पोराला नियम माहीत असतो. तो बाजूने येतो कारण तो आधीच चुकीच्या जागी असतो. बॉलवाल्याच्या बरोबरीने, खांद्याला खांदा लावून पळत असतो. बॉलवाला पडला की हा वेगात दोन पावलं पुढे निघून जातो. आता कायदेशीर आत यायचं तर मागे फिरून वळसा घालायला हवा, तेवढ्यात समोरचा बॉलवर बसलेला असतो. मग तो जवळच्या वाटेने घुसतो. चूक रकमधली दिसते, झालेली असते त्याच्या आधीच्या धावेत.

म्हणून सपोर्टची जागा पक्की करा: बॉलवाल्याच्या कमरेच्या मागे, दोन ते तीन मीटरवर, थोडं आतल्या अंगाला. त्याहून जवळ असलात तर टॅकलमध्ये अडकून पडता, त्याहून लांब असलात तर समोरचा आधी पोहोचतो. मी सरावात बॉलवाल्याच्या चड्डीला मागे एक रुमाल खोचतो आणि सपोर्टवाल्याला सांगतो, तुझी नजर रुमालावर, रुमाल तुझ्या पुढेच राहिला पाहिजे. रुमाल बाजूला दिसला की तू पुढे आलास.

पोहोचण्याआधी बघणं हा तिसरा भाग, आणि तो सगळ्यात कमी शिकवला जातो. येणाऱ्या पहिल्या माणसाने शेवटच्या तीन पावलांत एकच गोष्ट ठरवायची: बॉलवर कोणी आहे का? कोणी नसेल आणि पुढे जागा असेल तर बॉल उचल आणि पळ. कोणी येतोय पण अजून पोहोचला नाही, तर बॉलच्या पुढे पाऊल टाकून, वाकून, पायावर ठाम उभा राहा. कोणी आधीच वाकलेला असेल तर त्याला हलव. तीनच पर्याय, पण पोरं न बघता चौथा निवडतात: धावत येऊन आपल्याच पडलेल्या माणसावर आडवं होणं. समोर चिटपाखरू नसतानासुद्धा! बॉलवर झोपून तो झाकणं ही पेनल्टी आहे, आणि ती आपल्या बॉलवर, आपल्याच हाताने घेतलेली.

न बघण्याची किंमत किती असू शकते, त्याचं मला आवडणारं उदाहरण 2017 च्या सिक्स नेशन्समधलं, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेतलं आहे. 26 फेब्रुवारी, ट्विकनहॅम, इंग्लंडविरुद्ध इटली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे रक व्हायला दोन्ही संघांचा किमान एकेक माणूस पायावर उभा राहून बॉलच्या वर एकमेकांना भिडायला हवा होता. रक झाला तरच ऑफसाइडची रेषा, म्हणजे जिच्या पुढे समोरच्यांनी उभं राहायचं नाही ती, तयार व्हायची. प्रशिक्षक कॉनर ओशे यांच्या इटलीने ठरवलं, टॅकल करायचा पण नंतर भिडायलाच जायचं नाही. रक नाही, म्हणजे ऑफसाइड नाही. इटलीचे खेळाडू सरळ इंग्लंडच्या बाजूला, स्क्रम-हाफच्या (रकमधून बॉल काढून देणाऱ्याच्या) आसपास जाऊन उभे राहायला लागले. इंग्लंडचे नामवंत खेळाडू गोंधळून रेफरी रोमॅं प्वात यांना विचारू लागले, आम्ही आता काय करायचं? ते म्हणाले, मी रेफरी आहे, कोच नाही. मध्यंतराला इटली 10-5 ने पुढे होती. इंग्लंडने नंतर 36-15 ने सामना जिंकला, पण अर्धा सामना जगातले उत्तम खेळाडू रिकाम्या रककडे सवयीने धावत राहिले. बॉलवर कोणी नाही, समोर भगदाड आहे, उचल आणि पळ, एवढंच तर होतं. पुढे नियम बदलला. आता टॅकलनंतर एक जरी खेळाडू बॉलवर पायावर उभा राहिला तरी ऑफसाइडच्या रेषा तयार होतात, त्यामुळे ही युक्ती आज चालणार नाही. मी मात्र दरवर्षी नव्या पोरांना हा किस्सा सांगतो. "मान वर कर" असं शंभरदा ओरडण्यापेक्षा तो लक्षात राहतो.

आता प्रत्यक्ष भिडणं. इथे तुमचे पैलवान उपयोगी आहेत आणि इथेच ते सगळ्यात धोकादायक आहेत.

पैलवानाला वाकून उभं राहायला शिकवावं लागत नाही. खडाखडीत तो जसा उभा असतो, गुडघे मोडलेले, पाठ सपाट, छाती पुढे, मान वर, पायांत खांद्याहून जास्त अंतर, तीच रकची उभी ठेवण. शहरी पोरांना मी महिनाभर जे शिकवतो ते तुमच्या पोरांना वस्तादांनी आधीच दिलंय. पण पैलवान त्या ठेवणीतून दोन गोष्टी करतो आणि रग्बीत दोन्ही बंद आहेत.

पहिली, पट. तो पायांवर जातो. रकमध्ये डोकं आणि खांदे कमरेच्या खाली न्यायचे नाहीत असा नियम आहे. बॉलवर वाकलेल्या माणसाच्या पायांवर आदळणं किंवा त्याच्या पायांवर आपलं वजन टाकणं यावर 2021 पासून खास बंदी आली. कारण उघड आहे: तो माणूस पाय रोवून, गुडघे ताणून उभा असतो, बाजूने वजन पडलं की गुडघ्याचे अस्थिबंध तुटतात. दुसरी, मान. गर्दनखेच हा कुस्तीतला रोजचा हात, पण रकमध्ये खांद्याच्या रेषेच्या वर हात किंवा खांदा लागला की धोकादायक खेळ, आणि कार्डही निघू शकतं. तिसरी एक गोष्ट आहे जी पैलवानांना स्वतःहूनच सुचते: वाकलेल्याला कवेत घेऊन कुशीवर फिरवून आडवा करायचा. याला क्रोकोडाइल रोल म्हणतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे सर्रास चालायचं. 2021 च्या फेब्रुवारीत इंग्लंडचा फ्लँकर जॅक विलिस याचा गुडघा इटलीविरुद्ध असाच फिरवला जाताना गेला. ज्यांनी तो सामना पाहिला त्यांना त्याचा आवाज आठवत असेल. 1 जुलै 2024 पासून वर्ल्ड रग्बीने, म्हणजे खेळाच्या जागतिक संघटनेने, हा प्रकार पूर्ण बंद केला. पोरांनी तो जुन्या व्हिडिओत पाहिलेला असतो, म्हणून मुद्दाम सांगायला लागतं.

मग हलवायचं कसं? शेवटच्या दोन पावलांत पावलं आखूड करा आणि कंबर खाली घ्या, पाठ सपाट ठेवून. डोकं वाकलेल्याच्या एका बाजूला, आपल्या भुवयांखालून वर बघत. हनुवटी छातीला टेकली की मान सुटली समजा. आपला खांदा त्याच्या खांद्याच्या आणि छातीच्या खाली गेला पाहिजे. हात आधी किंवा खांद्याबरोबर त्याच्याभोवती गेले पाहिजेत. नुसता खांदा मारणं बेकायदा आहे, धरावंच लागतं. आणि मग आडवं ढकलायचं नाही, खालून वर उचलत पुढे चालायचं. छाती वर उचलली गेली की त्याचे हात बॉलवरून आपोआप सुटतात, जमिनीवरची त्याची पकड जाते, मग लहानसं पोरगंही त्याला मागे नेतं. विहिरीवर भरलेली घागर उचलणारा माणूस आधी गुडघे मोडतो आणि घागरीच्या खाली जातो, तसंच. बॉलच्या पुढे मीटरभर गेलात की थांबा. पाच मीटर पाठलाग करून कोणाला तरी लोळवून आलेलं पोरगं प्रेक्षकांना आवडतं, पण ती पेनल्टी आहे आणि तेवढा वेळ पुढच्या खेळाला आपला एक माणूस कमी असतो.

आणि वेळेचं: वाकणारा एकदा नीट बसला की त्याला हलवणं खरंच कठीण आहे. डेव्हिड पोकॉकचे जुने सामने पाहा. ऑस्ट्रेलियाचा हा फ्लँकर एकदा बॉलवर वाकला की दोन-तीन धिप्पाड माणसं आदळून परत जायची. न्यूझीलंडचा रिची मॅकॉ 148 कसोटी खेळला आणि त्याचं मोठं कौशल्य होतं कोणत्या रकला जायचं नाही हे ओळखणं. असल्या माणसांशी ताकदीने लढायचा एकच शहाणा मार्ग आहे, त्यांच्या आधी पोहोचणं. म्हणून मी पुन्हा त्या रुमालाकडे येतो.

बॉल चोरणाऱ्याची बाजू थोडक्यात. पाय रुंद, कंबर गुडघ्यांच्या वर, वजन स्वतःच्या पायांवर, हात थेट बॉलला. हात किंवा कोपर जमिनीवर टेकवून मग बॉलकडे आले की पेनल्टी. समोरचा माणूस येऊन भिडला आणि रक झाला की नव्याने हात घालता येत नाही. पण त्याआधीच हात बॉलवर असतील आणि आपण पायावर असू, तर बॉल सोडायची गरज नाही. तुमच्या संघात दोनच पोरं यासाठी नेमा, ज्यांची कंबर खाली जाते आणि डोकं शांत आहे. बाकीच्यांना सांगा, दुसऱ्याच्या रकमध्ये जाऊ नका, बाजूला उभे राहून रेषा धरा. सगळेच चोर झाले की बाहेर राखण करायला कोणी राहत नाही.

सरावाचं बोलतो, आणि एक स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीला मी एका कॉलेजला शिकवत होतो तेव्हा टॅकल बॅगांची रांग लावायचो आणि पोरं एकामागून एक येऊन बॅगा उडवायची. दिसायला जोरकस, फोटो छान यायचे. सामन्यात तीच पोरं सारखी उंच जायची. मला दोन हंगाम कळलं नाही. मग एकदा बॅगेच्या शेजारी उभा राहिलो तेव्हा दिसलं: बॅग छातीइतकी उंच, सरळ, उभी. रकमधला माणूस तसा कधी उभा असतो का? मी महिनोन् महिने त्यांना उभ्या माणसावर उभं जाऊन आदळायला शिकवत होतो. आता बॅग आडवी टाकतो, ती पडलेला खेळाडू. तिच्यावर एक पोरगं शिल्ड (धक्का झेलायची हातातली गादी) घेऊन वाकून उभं राहतं. बॅग नसेल तर भुसा भरलेली गोणी चालते, ती बहुधा बॅगेपेक्षा बरी, कारण ओढायला सोपी. वरून दोन बांबूंमध्ये कमरेच्या उंचीला दोरी बांधतो. येणाऱ्याने दोरीखालून यायचं, पण पाय सोडून नाही, पायावर. दोरी खांद्याला लागली की उंच, गुडघे टेकले की खाली गेला.

फक्कीने जमिनीवर दीड मीटर रुंदीची एक वाट आखा, पडलेल्या माणसाच्या मागे. ती गेट. पावसाळ्यात फक्की वाहून जाते, तेव्हा चपला ठेवतो. त्या वाटेबाहेरून कोणी आला तर रक आपोआप हरला, मग त्याने कितीही छान उडवलं असो.

निर्णयाचा सराव वेगळा ठेवा. मी बॉलवाल्याच्या पुढे, सपोर्टवाल्याला दिसेल असा उभा राहतो. बॉलवाला पडला की मी एकतर काहीच करत नाही, किंवा बोट वर करतो, किंवा माझ्या मागून एक पोरगं सोडतो. काही नाही म्हणजे उचल आणि पळ, बोट म्हणजे उभा राहा, पोरगं आलं म्हणजे हलव. पहिल्या दिवशी दहापैकी आठ जण न बघताच उड्या मारतात. चौथ्या दिवशी माना वर असतात. हे चालत्या गतीने सुरू करा, पूर्ण धक्क्याची गरज नाही. नंतर दहा बाय पाच मीटरच्या पट्ट्यात तिघांविरुद्ध दोघे, चार-चार रक सलग, मग विश्रांती.

धक्क्याचं प्रमाण जपा. वर्ल्ड रग्बीने 2021 मध्ये व्यावसायिक संघांना सल्ला दिला तो पूर्ण धक्क्याचा सराव आठवड्याला 15 मिनिटांच्या आसपास ठेवा असा. व्यावसायिकांना 15 मिनिटं पुरतात, मग शाळेच्या पोरांना रोज तासभर एकमेकांवर आदळवायचं कारण नाही. आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी दहा मिनिटांपेक्षा कमी. बाकी सगळं शिल्डवर, गोणीवर, चालत.

मानेबद्दल एक. एका पोराने रकमध्ये डोकं खाली घालून धडक दिली आणि उठून म्हणाला, सर, हाताला मुंग्या येतायत. मी म्हणालो, झटक, जाईल. दहा मिनिटांनी त्याला हात खांद्याच्या वर नेता येईना. पुढे तो बरा झाला, पण त्याच्या आईसमोर उभं राहून मी काय बोललो ते मला आठवतही नाही, इतका घाबरलो होतो. तेव्हापासून मुंग्या, मान दुखणं, डोकं गरगरणं, प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ लावणं, यातलं काहीही दिसलं की पोरगं बाहेर, त्या दिवशी परत आत नाही, आणि डॉक्टरांनी सोडल्याशिवाय पुढच्या सरावालाही नाही. कुस्तीतल्या पोरांची मान मजबूत असते हे खरं. त्यामुळेच ती डोक्याने धडक द्यायला धजावतात.

तुमचा संघ सात जणांचा खेळतो की पंधरा, हे तुम्ही लिहिलं नाही. आपल्याकडे शाळा-जिल्ह्याच्या पातळीवर बहुधा सेव्हन्सच असतं; 2025 च्या जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात झालेली रग्बी प्रीमियर लीगही सेव्हन्सचीच होती. सेव्हन्स असेल तर वरच्यातलं बरंच हलकं करा. मैदान तेवढंच, माणसं सात. एक पडलेला, एक हलवणारा, एक बॉल काढणारा, उरले चार. रकमध्ये दुसरा मदतनीस पाठवला तर मोकळं मैदान कोण राखणार? म्हणून तिथे जवळजवळ सगळं ओझं पडणाऱ्यावर आणि पहिल्या येणाऱ्यावर येतं. एकट्याने पोहोचायचं, एकट्याने ठरवायचं. तुमची पोरं जर सातांच्या खेळात तिघं-तिघं रकमध्ये घालत असतील, तर तुमचा प्रश्न क्लीन आउटचा नाहीच, माणसं मोजण्याचा आहे. पंधरांच्या खेळात दोन, क्वचित तीन. बॉल उघड दिसत असताना रेफरी "यूज इट" म्हणाला की पाच सेकंदांत बॉल काढायचा. तोवर चौथा माणूस आत शिरत असेल तर त्याला बाहेर ओढा.

आता व्यायाम, कारण तुम्ही तेच विचारलं होतं. बैठका चालू ठेवा. भर घाला ती अस्वलाच्या चालीची, म्हणजे हातापायांवर, गुडघे जमिनीपासून वीतभर वर, पाठीवर पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून. बाटली पडली की पाठ सपाट नव्हती. एकमेकांच्या खांद्यावर खांदा लावून, वाकून, आखूड पावलांनी पाच मीटर रेटणं. मानेचे हलके व्यायाम, कपाळाला हात लावून दाब देऊन न हलता दहा सेकंद, चारही बाजूंनी. बाकी ताकद तुमच्याकडे आहे.

पुढच्या सामन्याचा व्हिडिओ काढाल तर बाजूच्या रेषेवरून काढू नका, गोलपोस्टच्या मागून, शक्य असेल तर शाळेच्या गच्चीवरून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून काढा. बाजूने कोण आलं हे तिथूनच दिसतं. मग आपल्या बॉलचे पहिले वीस रक घ्या आणि वहीत चार रकाने करा: पडणारा चुकला, येणारा उशिरा, येणारा उंच, येणारा बाजूने. गेलेल्या प्रत्येक रकसमोर एकच खूण, जी चूक आधी झाली तिची. माझ्या वह्यांमध्ये पहिल्या दोन रकान्यांत खुणा दाटतात. तुमच्याकडे चौथ्यात जास्त येतील असा अंदाज आहे. खुणा झाल्या की आकडे कळवा, मग पुढच्या दोन आठवड्यांच्या सरावाचं बोलू.